वॉरंटी संपली, आता गाडी कुठे टाकायची? बाहेरच्या गॅरेजवर भरवसा ठेवण्याआधीचा अभ्यास



या आठवड्याच्या व्हिडिओत गाडीच्या सर्व्हिसिंगचा विषय घेतला. वेळ कमी पडला आणि शेवटचे मुद्दे घाईत उरकले. म्हणून तेच इथे नीट, क्रमाने लिहिते. वही-पेन घेऊन बसलात तर बरं.

तुम्ही म्हणाल, ताई, आपण धंदा शिकायला आलोय, गाडी दुरुस्तीचं काय मध्येच? पण विचार करा. छोट्या दुकानदाराच्या घरात मालाच्या खालोखाल सगळ्यात मोठी गुंतवणूक कशात असते? बहुतेक वेळा गाडीत. ती एक दिवस बंद पडली की डिलिव्हरी बंद, गिऱ्हाईक नाराज आणि भाड्याच्या टेम्पोचा खर्च वेगळा. त्यामुळे गाडी कुणाच्या हातात द्यायची, हा धंद्याचाच निर्णय आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गॅरेजवर भरवसा ठेवायचा की नाही हे आपण कसं ठरवतो, ते समजलं की गिऱ्हाईक आपल्यावर भरवसा कसा ठेवतं तेही समजतं. मला हे पुस्तकातून समजलं नाही. एका भल्या माणसाचा चारचौघांत अपमान केल्यावर समजलं.

आधी माझी चूक

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. केक बॉक्स, पेपर कप, कंटेनर असा माल. डिलिव्हरीसाठी मी एक सेकंडहँड डिझेल कार घेतली होती. पहिली सर्व्हिसिंग एका मोठ्या, चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये केली. नाव लिहीत नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी, गाडी धुऊन पुसून परत. बिलात एअर फिल्टर नवीन लावल्याचे पैसे होते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा उघडून पाहिला, तर आत जुनाच फिल्टर. धूळ अशी बसलेली की झटकला तर खोकला यावा.

मी ठरवलं, आता कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

पुढच्या वेळी गाडी एका मिस्त्रींकडे टाकली. पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली, स्वतः मिस्त्री दिवसभर गाडीखाली. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, बिल हातात दिलं. तिसऱ्या दिवशी मी डिपस्टिक ओढून पाहिली. ऑइल काळं! माझं डोकंच फिरलं. तशीच गॅरेजला गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हटलं, "मिस्त्री, ऑइल न बदलता पैसे घेतलेत ना?"

मिस्त्री एवढंच म्हणाले, "बदललंय ताई." मी ऐकून घेतलं नाही. गाडी काढली आणि निघाले. निघताना पाहिलं, ती दोन गिऱ्हाइकंही आपापल्या गाडीकडे वळली होती.

दहा-बारा दिवसांनी टायरच्या दुकानात विषय निघाला. तिथला म्हातारा कारागीर हसला. म्हणाला, "ताई, डिझेलचं ऑइल काळंच होणार. काजळी पकडून ठेवणं हेच त्याचं काम आहे. दोन दिवसांत काळं झालं नाही तरच नवल." त्याच दिवशी स्टेपनी काढायला मी डिकी रिकामी केली. माझ्याच केक बॉक्सच्या गठ्ठ्यांखाली एक खोका होता. आत जुना ऑइल फिल्टर, जुना डिझेल फिल्टर, ड्रेन प्लगचा जुना वॉशर आणि ऑइलचा रिकामा कॅन. मिस्त्रींनी सगळा पुरावा माझ्याच गाडीत ठेवला होता. मी उघडून पाहिला नव्हता आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी माफी मागायला गेले, त्याबद्दल शेवटी सांगते. आधी अभ्यास.

सर्व्हिसिंगमध्ये फसवणूक का होऊ शकते?

बाजारात आपण जे विकत घेतो ते तीन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार, घेण्याआधीच पारखता येतं. भाजी, कापड, खुर्ची.

दुसरा प्रकार, वापरल्यावर कळतं. हॉटेलचं जेवण, केस कापणं.

तिसरा प्रकार, वापरल्यावरही नीट कळत नाही. डॉक्टरने सांगितलेली टेस्ट खरंच गरजेची होती का? मेकॅनिकने ब्रेक ऑइल खरंच बदललं का? सर्व्हिसिंगचा मोठा भाग या तिसऱ्या प्रकारात मोडतो. गाडी आत जाते, बाहेर येते, चालते. मधे काय झालं ते मेकॅनिकला माहीत, आपल्याला नाही.

अशी एकाला माहिती आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की बाजार कसा बिघडतो, यावर जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली एक लेख लिहिला. उदाहरण सेकंडहँड गाड्यांचंच घेतलं होतं. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला आणखी दोघांसोबत मिळालं. सोप्या मराठीत त्याचं म्हणणं असं: चांगली आणि वाईट वस्तू गिऱ्हाइकाला वेगळी ओळखता आली नाही, तर ते दोन्हींना सारखाच, कमी भाव देतं. मग चांगला विकणाऱ्याला परवडत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. वाईट माल उरतो.

आता माझी गोष्ट परत बघा. एका सेंटरने फसवलं, त्याचा दंड मी दुसऱ्याच माणसाला लावला. प्रामाणिक मिस्त्री आणि लबाड सेंटर, दोघं मला सारखेच दिसले. कारण ओळखायचं कसं हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या: आंधळा विश्वास आणि आंधळा संशय, दोन्ही एकाच आळसातून येतात. तपासायचं कसं ते शिकायचा आळस.

पायरी १: वॉरंटी चालू आहे का ते बघा

गाडी वॉरंटीत असेल तर माझा सल्ला सरळ आहे. ठरलेल्या सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत सेंटरलाच करा आणि सर्व्हिस बुकमध्ये नोंद घ्या. उद्या मोठा बिघाड झाला तर नोंदीवरून वाद नको. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटीही वाचा.

पण "बाहेर हात लावलात तर सगळी वॉरंटी गेली" असं कुणी घाबरवत असेल तर थोडा इतिहास माहीत असू द्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात, बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही आयोगाने सांगितलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येईल, अशी ती भूमिका होती. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आपल्यासाठी अर्थ असा की बाहेरचं गॅरेज म्हणजे काही बेकायदा भानगड नाही. तोही या बाजारातला हक्काचा खेळाडू आहे. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहन क्षेत्र घेतलेलं आहे.

पायरी २: कामाचे चार गट पाडा

"हे गॅरेज चांगलं की वाईट" असा प्रश्न विचारू नका. "या कामासाठी चांगलं का" असा विचारा. प्रत्येक कामाला दोन कसोट्या लावा. झालेलं काम मला तपासता येतं का? आणि चुकलं तर किती महागात पडेल?

गट अ. तपासता येतं, चुकलं तरी स्वस्त: वायपर, बल्ब, बॅटरी, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर. नवीन गॅरेजची परीक्षा इथून सुरू करा.

गट ब. तपासणं अवघड, पण समोर उभं राहिलात तर सोपं: इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल फिल्टर. गाडी ठेवून निघून गेलात तर नंतर काही कळणार नाही. अर्धा-पाऊण तास उभं राहिलात तर सगळं डोळ्यांसमोर.

गट क. चुकलं तर जिवावर किंवा खिशावर मोठा घाव: ब्रेक, स्टिअरिंग, क्लच, टायमिंग बेल्ट, इंजिन खोलणं. ज्या गॅरेजने अ आणि ब मध्ये दोन-तीन वेळा पास केलं, त्यालाच हे काम.

गट ड. खास साधनं आणि प्रशिक्षण लागतं: एअरबॅग, एबीएस, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीची हाय व्होल्टेज यंत्रणा, कंपनीने परत मागवलेला भाग. हे काम अधिकृत सेंटरला किंवा त्यातल्या खास माणसाकडे. कंपनीने सुरक्षेसाठी भाग परत मागवला असेल तर तो ती फुकट बदलून देते. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर बघता येतं.

ही विभागणी केलीत की "कंपनी की बाहेर" हा वादच संपतो. दोन्ही. काम बघून.

पायरी ३: गाडी देण्याआधी गॅरेज बघा

एकदा नुसतंच जाऊन या. पंधरा मिनिटं उभे राहा. काय बघायचं?

१. तुमच्यासारख्या गाड्या तिथे येतात का? तुमच्या मॉडेलच्या दोन-तीन गाड्या दिसल्या तर त्याच्या हाताला सवय आहे.

२. तो आधी विचारतो की आधी सांगतो? "शेवटचं ऑइल कधी बदललं? किती किलोमीटर झाले? आवाज थंड इंजिनला येतो की गरम झाल्यावर?" असे प्रश्न विचारणारा मेकॅनिक काम जाणतो. बॉनेट उघडायच्या आत "पंधरा हजार लागतील" म्हणणारा अंदाज मारतो.

३. उत्तर कुणाकडे बघून देतो? हे खास माझ्या बहिणींसाठी. मी प्रश्न विचारला आणि समोरच्याने उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं, असं किती वेळा झालंय. गाडी माझी, पैसे माझे. जो मला समजावून सांगत नाही, तो माझ्या गाडीत काय केलं तेही सांगणार नाही. अशा ठिकाणाहून मी परत फिरते.

४. "हे आमच्याकडे होत नाही" असं म्हणतो का? हे वाक्य ऐकलं की माझा भरवसा वाढतो. एसीचं काम अमक्याकडे न्या, वायरिंग तमक्याकडे न्या, असं सांगणारा माणूस स्वतःची हद्द ओळखतो.

५. शिक्षण आणि साधनं. आयटीआयचा 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. केला असेल तर चांगलंच. पण वीस वर्षं हातानं काम शिकलेला मिस्त्री सर्टिफिकेट नाही म्हणून कमी ठरत नाही. नव्या गाड्यांसाठी स्कॅनर लागतो. नसेल तर तो कुणाकडून तपासून घेतो ते विचारा.

६. सुटे भाग कुठून येतात? तीन दर्जे असतात. कंपनीच्या पाकिटातला, नामांकित उत्पादकाचा खुल्या बाजारातला आणि लोकल. पुण्यात नाना पेठेसारख्या बाजारात तिन्ही मिळतात. दुसरा प्रकार वाईट नसतो. भागीदारीतला वाद टाळायचा असेल तर आधी ठरवतात ना, तसं हेही आधी ठरवा: "मिस्त्री, कुठला लावताय आणि किती रुपयांचा?" पाकीट बघा. पार्ट नंबर, एमआरपी आणि असेल तिथे होलोग्राम. आपणच भाग आणून दिला तर तो मेकॅनिक त्याची हमी घेणार नाही, हेही लक्षात ठेवा. त्यात त्याची चूक नाही.

फरशी चकाचक आहे का, कॉफी मिळते का, हे या यादीत नाही. माझा एअर फिल्टर कॉफी पिऊन गेला होता.

पायरी ४: काम देताना

गाडीसोबत येणारी मालकाची पुस्तिका काढा. बहुतेकांची ती प्लास्टिकमध्येच असते. त्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं याचा तक्ता असतो. आजच्या बऱ्याच पेट्रोल कारना इंजिन ऑइल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल तेव्हा, असं असतं. तुमच्या गाडीचं तुमच्या पुस्तिकेत बघा. ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागतं तेही तिथेच आहे.

मग कागदावर यादी करा. तक्त्यातलं काम एका बाजूला, तुमच्या तक्रारी दुसऱ्या बाजूला. त्याचा फोटो काढून मेकॅनिकला व्हॉट्सॲप करा. आणि तीन वाक्यं स्पष्ट बोला:

"आधी अंदाजे खर्च लिहून द्या."

"यादीबाहेरचं काही निघालं तर फोन करा, मी हो म्हटल्याशिवाय करू नका."

"जुने भाग मला परत द्या."

ही वाक्यं भांडणाच्या सुरात नको. हसून बोला. चांगल्या मेकॅनिकला यात काही वावगं वाटत नाही.

तक्त्यात नसलेली कामं कुणी सुचवली, इंजिन फ्लशिंग, कोटिंग वगैरे, तर एकच प्रश्न: "नाही केलं तर काय होईल?" नीट उत्तर आलं तर विचार करा. "सगळेच करतात" असं आलं तर सोडून द्या.

"ब्रेक पॅड संपलेत" असं सांगितलं तर चाक काढलेलं असताना दाखवायला सांगा. पॅडचं घासणारं मटेरियल साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली.

पायरी ५: काम झाल्यावर काय तपासायचं

- एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरच्या कडेला आधीच पेनाने छोटी खूण करून ठेवा. खूण गेली म्हणजे फिल्टर बदलला.
- ऑइलचा सीलबंद कॅन समोर उघडायला सांगा. पुस्तिकेत ३ लिटर लिहिलंय आणि बिलात ४ लिटर, तर उरलेलं तुमचं आहे.
- गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. जास्त भरलेलंही चालत नाही.
- रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. सकाळी तेलाचा थेंब दिसला तर लगेच गॅरेजला दाखवा.
- घेऊन जाण्याआधी पाच मिनिटं चालवून बघा. ब्रेक मारून बघा. चाकं काढली असतील तर नट आवळलेत का विचारा.
- किलोमीटर, तारीख, काय बदललं आणि किती रुपये, हे चार रकाने वहीत लिहा.

आणि जे तपासून उपयोग नाही तेही लिहून घ्या. डिझेल गाडीचं ऑइल दोन दिवसांत काळं झालं, हा फसवणुकीचा पुरावा नाही. पेट्रोलचं ऑइल जास्त दिवस मधासारखं दिसतं, डिझेलचं नाही. अर्धवट माहितीवर आरोप करणं किती महाग पडतं ते मी भोगलंय. पैशांत नाही, पण भोगलंय.

पायरी ६: हिशेब मांडा

माझ्या वहीतले आकडे देते, तुमचे वेगळे असतील. एका सर्व्हिसिंगचा सेंटरचा अंदाज होता ११,४०० रुपये. मिस्त्रींचा ६,९००. वाचले ४,५००.

आता दुसरी बाजू. गाडी एक दिवस बंद पडली तर माझं नुकसान किती? भाड्याचा टेम्पो १,५०० आणि सुटलेल्या ऑर्डरींचा नफा साधारण २,०००. म्हणजे ३,५००. वर्षात एकच दिवस गाडी चुकीच्या कामामुळे थांबली तरी वाचलेल्या पैशातले हजारच उरतात. दोन दिवस थांबली तर तोटा.

म्हणजे स्वस्त गॅरेज स्वस्त आहे की नाही, हे बिलावर ठरत नाही. बिल आणि बंद दिवस मिळून ठरतं. म्हणूनच मी "पार्ट कधी मिळेल, गाडी कधी परत मिळेल" हा प्रश्न पैशांच्या आधी विचारते. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर सर्व्हिसिंग काढतच नाही. महिनाभर आधी उरकते.

पायरी ७: बिल घ्या

"बिल कशाला ताई, जीएसटी वाचेल" असं ऐकलं असेलच. थांबा.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे त्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे छोट्या गॅरेजकडे जीएसटी बिल नसणं ही लबाडी असेलच असं नाही. पण साधं बिल तो देऊ शकतोच. तारीख, गाडी नंबर, किलोमीटर, भागांची यादी, मजुरी वेगळी. बिल नसेल तर उद्या काम बिघडल्यावर तुम्ही तिथे गेला होतात हेसुद्धा सिद्ध होत नाही.

तुमची स्वतःची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक गोष्ट. टेम्पो, पिकअप अशा मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो. साध्या प्रवासी कारवर आपल्यासारख्या दुकानदाराला मिळत नाही. मग मालवाहू गाडीसाठी जीएसटी बिल देणारं गॅरेज दिसायला महाग असलं तरी खरं महाग आहे का, ते क्रेडिट वजा करून बघा. आणि एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत तर काही अपवाद सोडता तो खर्च इन्कम टॅक्सच्या हिशेबात धरला जात नाही. मोठं बिल यूपीआयने किंवा बँकेतून द्या. बाकी तुमच्या सीएला विचारा.

आणि काम बिघडलंच तर?

क्रम असा ठेवा. आधी प्रत्यक्ष जा, एकटे, शांतपणे, बाजूला घेऊन बोला. "हे असं दिसतंय, काय झालं असेल?" असा प्रश्न विचारा. आरोप नको. चांगला मेकॅनिक स्वतःची चूक असेल तर मजुरी न घेता दुरुस्त करतो. नाहीच ऐकलं तर फोटो आणि बिलासह लेखी तक्रार. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा 'ग्राहक' या व्याख्येत येत नाही. मात्र केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर तो व्यावसायिक धरत नाहीत. एक गाडी स्वतः चालवून पोट भरणारा आणि दहा गाड्यांची फ्लीट चालवणारा, यांच्यात कायदा फरक करतो. धंदा वाढेल तसं हे लक्षात ठेवा.

आता मिस्त्रींकडे परत

खोका सापडला त्याच संध्याकाळी मी गेले. म्हटलं, "मिस्त्री, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." शेडमध्ये त्या वेळी फक्त त्यांची दोन पोरं होती. ती दोन गिऱ्हाइकं नव्हती.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर दाखवलं असतं की ताई." मग थोडं थांबून, "मी पण सांगायला पाहिजे होतं. मला वाटायचं, काम चोख केलं की झालं."

मंडळी, हे शेवटचं वाक्य प्रत्येक छोट्या उद्योजकाने भिंतीवर लावावं असं आहे. कारण आपल्या सगळ्यांची हीच समजूत असते. काम चोख केलं की झालं. नाही होत. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, ते त्याच्यासाठी झालेलंच नसतं. प्रामाणिक असणं हे अर्धं काम. प्रामाणिकपणा दिसेल अशी सोय करणं हे उरलेलं अर्धं.

आता मिस्त्री गाडी देताना जुन्या भागांचा खोका डिकीत ठेवत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात देतात, उघडून दाखवतात. डिझेल गाडी असेल तर आधीच सांगतात, "ऑइल दोन दिवसांत काळं होईल, घाबरू नका."

आणि मी? माझ्या दुकानातही तोच प्रश्न होता. केक बॉक्सचा कागद किती जीएसएमचा आहे, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. मी ३०० म्हणते, शेजारचा २५० चा माल ३०० म्हणून स्वस्तात देतो. पूर्वी मी चिडायचे. आता काउंटरवर छोटा वजनकाटा ठेवलाय. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजन करायचं. ३०० जीएसएमचा असेल तर ३ ग्रॅम भरतो. गिऱ्हाईक स्वतः बघतं. मला एक शब्द बोलावा लागत नाही.

त्या दिवशी निघून गेलेली ती दोन गिऱ्हाइकं मिस्त्रींकडे परत आली का, ते मला माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं. ते हसले आणि गाडीखाली गेले. मी तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या ज्यांच्या ज्यांच्या गाडीची वॉरंटी संपते, त्यांना त्यांचा पत्ता देते. फिटंफाट झाली असं मला अजून वाटत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या गाडीची पुस्तिका उघडा. पुढची सर्व्हिसिंग कधी आणि त्यात काय काय, ते वहीत लिहा.

२. गाडी एक दिवस बंद पडली तर तुमचं नेमकं किती रुपयांचं नुकसान होतं, तो आकडा काढा.

३. तुमच्या धंद्यात अशी कुठली एक गोष्ट आहे जी तुम्ही चोख करता, पण गिऱ्हाइकाला दिसत नाही? ती दाखवायची एक साधी, स्वस्त पद्धत शोधा. वजनकाटा, जुने भाग, फोटो, समोर मोजणं, काहीही.

तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. पुढच्या व्हिडिओत आपण 'उधारी मागायची कशी' हा विषय घेणार आहोत, तिथे हाच धडा पुन्हा लागणार आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, विचारल्याशिवाय आरोप नको आणि बघितल्याशिवाय पैसे नकोत.